तोंडाची गोड

बार्शी
१८ फेब्रुवारी २०२५

त्रिपुरसुंदरीबाई,

नमस्कार. आधी 'सप्रेम' लिहायची पद्धत आहे, पण आज ते माझ्याच्यानं होणार नाही. रागावू नका. म्हणजे रागावलात तरी चालेल.

पत्र लिहितेय, कारण फोनवर तुमचं तंजावरी मराठी मला उमगत नाही आणि माझं बार्शीचं तुम्हाला. पोचल्याचा फोन केला तेव्हा पाच मिनिटं आपण दोघी नुसत्या 'काय? काय?' करत बसलो. तुमचे खालचे भाडेकरू कृष्णकांत हे वाचून दाखवतील. त्यांनाही कळू दे.

मुलगी दाखवायला मी यामिनीला एवढ्या लांब चेन्नईला घेऊन आले. आमच्याकडे मुलाकडचे येतात, पण तुमचे गुडघे दुखतात म्हणालात, म्हटलं जाऊ दे. कार्यक्रम संध्याकाळी झाला, चांगला झाला. तुमचं रसवांगं मी दोनदा घेतलं. दुसऱ्या दिवशी गाडी संध्याकाळची. तुम्ही रात्रीच म्हणालात, "दिवस रिकामा आहे, तुम्हांस ऊर दाखवितें." मी दचकलेच. मग तुमच्या श्रीवत्सनं सांगितलं, ऊर म्हणजे तमिळमध्ये गाव. बरं, गाव तर गाव.

पण त्या दिवशी तुम्ही गाव दाखवलंत, की माझी भाची बघितलीत?

सकाळच्या कॉफीपासून सांगते. तुमच्याकडे पेल्याला ओठ लावत नाहीत, वरून ओततात, ओठ लागला की उष्टं. हे ठाऊक असून आम्ही दोघीही ओठ लावूनच प्यायलो, सवय मेली. माझा पेला तुम्ही बाकीच्या भांड्यांत टाकलात. यामिनीचा मात्र मागच्या नळाशी एका विटेवर वेगळा ठेवलात आणि हात साबणानं धुतलेत. मी खिडकीतून पाहत होते. तीस वर्षं शाळेत काढलीत मी, कोण कुणाची पाटी लपवतंय ते मला पाठीमागूनही दिसतं.

मग टॅक्सी. श्रीवत्सही दिवसभर बरोबर होता. त्या कूवम नदीवरच्या पुलावर अडकलो तेव्हा असा वास सुटला की मी नाकाला पदर लावून बसले. तुम्ही मात्र मागं वळून यामिनीच्या तोंडाकडे टक लावून पाहत होता. मैलापूरच्या देवळाशी तुम्ही तिला म्हणालात, तोंड धू. तिनं धुतलं. पुन्हा धू म्हणालात. लिपस्टिक लावून देवापुढं जात नाहीत म्हणालात. मला वाटलं, असेल तुमच्याकडचा नेम. तिसऱ्यांदा धुवायला लावून तुम्ही स्वतःच्या पदरानं तिचे ओठ टिपलेत आणि पदर उजेडात धरून बघितलात. त्या पदरावर काय दिसायचं होतं तुम्हाला?

मरीनावरच्या दीपस्तंभावर नेलंत. लोक तिथं समुद्र बघायला चढतात. तुम्ही गुडघे दुखत असताना वर आलात, तिला कठड्याशी उन्हाकडे तोंड करून उभी केलीत आणि समुद्राकडे पाठ करून उभ्या राहिलात. खाली वाळूत कैरीच्या फोडी तिखट लावून दिल्यात, तिला नको असताना दोनदा. आणि त्या टी. नगरच्या दुकानात? साडी खांद्यावर टाकून बघतात हो, गालाला लावून नाही! दारापाशी उन्हात नेऊन पिवळी, हिरवी, पांढरी, एकामागून एक तिच्या हनुवटीखाली धरत होता. विकणाऱ्या मुली एकमेकींना कोपर मारून हसत होत्या. बाजारात गाईचे दात बघतात ना, तसं चाललं होतं. मला अशी शिसारी आली की वाटलं, तिथंच सगळ्या साड्या फेकून पोरीला घेऊन निघावं. पण मुलीकडची बाजू ना आमची. गिळलं.

आणि शेवटी सेंट्रलवर. मी डब्यात बॅगा बाकाखाली सरकवत होते. खिडकीची काच ही एवढी मळलेली, तरी दिसलं. तुम्ही ओला रुमाल घेऊन तिचे ओठ खसाखसा घासत होता. मग हसलात आणि तिच्या गालावरून बोटं फिरवून कानशिलांवर मोडलीत. पोर डब्यात आली ती ओठ सुजवून. विचारलं तर 'काही नाही मावशी' म्हणाली आणि वरच्या बर्थवर जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपली. रात्रभर आणि अर्धा दिवस, कुर्डुवाडी येईपर्यंत, खाली उतरली नाही.

तिची आई, माझी धाकटी बहीण मधुवंती, ही पंधरा वर्षांची असताना गेली. तेव्हापासून मी वाढवलीय. एकोणतिशी आली. तुमच्या श्रीवत्ससारखा मुलगा मिळावा अशी माझी इच्छा आहे, खोटं कशाला बोलू? मुलगा शांत आहे. त्याची कंपनी चेन्नईच्या सिरुसेरीला, हिलाही तिथं बदली मिळते. आणि तिला तो आवडलाय, हेही लपवत नाही. म्हणून तर एवढं लिहितेय, नाहीतर मी तुम्हाला कार्डसुद्धा टाकलं नसतं.

तेव्हा होय की नाही ते सांगा. आणि त्या रुमालाचा अर्थ सांगा.

शैला औसेकर


पेरंबूर, चेन्नई
१ मार्च २०२५

(शैलाताई, मी कृष्णकांत, खालच्या मजल्यावरचा. मूळचा भुसावळचा, रेल्वेत नोकरी करून इथंच निवृत्त झालो. अम्मा मराठी बोलतात पण लिहितात तमिळ अक्षरांत. देवनागरी त्यांना येत नाही. म्हणून त्या सांगतात, मी उतरवतो. 'आस्के' म्हणजे सगळे आणि 'मणून' म्हणजे म्हणून, बाकी कळेल. मजकूर त्यांचा, अक्षर माझं. मला मध्ये धरू नका.)

शैलाबाईस त्रिपुरसुंदरीचा नमस्कार.

तुमचें पत्र दोन वेळां वाचविलें. पहिल्या वेळेस राग आला, दुसऱ्या वेळेस अधिक आला. मी दुखऱ्या गुडघ्यांनी दीपस्तंभ चढलें, टॅक्सी केली, जेवूं घातलें, आणि तुम्ही मला गाईचे दात पाहणारी मणतां. सरी, बरें आहे. तुम्ही शाळेंत शिकविलेली बाई, तुमची जीभ लांब असणारच.

तुम्हांस अर्थ पाहिजे ना? तुम्हांस ठाऊक नाहीं असें कसें मणूं? चोराच्या मनांत चांदणें.

वाणीअत्या आमच्या घरांतल्या वडील. तुळजापुरास देवीच्या दर्शनाला गेल्या तेव्हां बार्शीस ओळखीनें तुमच्याकडे चार दिवस राहिल्या, यामिनीस पाहिलें, आणि मला तंजावराहून पत्र टाकिलें. पोरगी उंच, पोरगी शिकलेली, स्वयंपाक येतो, नोकरी करते, आस्के लिहिलें. आणि शेवटीं एक ओळ. तोंडाशी कोड आहे.

अय्यो, मी देवापुढें बसून रडलें. पांढरे डाग, आणि ते ओठांशी! तरी मनांत आलें, अत्या एवढें लिहून वर 'करून घे' मणतात, तर कांहीं असेल. श्रीवत्सास चौतीस संपलीं. आठ ठिकाणीं बोलणीं मोडलीं. त्याचे अप्पा गेल्यापासून मीच आई आणि मीच बाप. फोटोंत कांहीं दिसलें नाहीं. फोटोवर कोणी विश्वास ठेवितो काय आतां? मणून डोळ्यांनी पाहूं मणालें. तुम्ही आपणहून बोलाल मणून आदल्या संध्याकाळीं वाट पाहिली. तुम्ही रसवांगें खाल्लें आणि गप्प राहिलां.

होय, पेला वेगळा ठेविला. मला त्याची किळस येते, काय करूं? तंजावरांत आमच्या गल्लींत एक बाई होती, तिच्या हातचें पाणी कोणी घेत नव्हतें. ती बाजूला बसली तरी माझ्या आईच्या अंगावर कांटा येई. तीच सवय मला लागली. आणि तुमच्या पोरीनें ओठांस तो लाल रंग चोपडलेला, त्याखालीं काय आहे देव जाणे. मणून धुवविलें. मणून पुसलें.

पुसलें तें बरें झालें. खालीं कांहीं नाहीं. औषधानें गेलें असेल. मी मोठें मन करतें. पुन्हां येणार नाहीं असें तुम्ही कागदावर लिहून द्या, मग आम्ही पुढें बोलूं.

त्रिपुरसुंदरी

(शेवटचं वाक्य नको, असं मी दोनदा सांगितलं. लिहा म्हणाल्या. – कृ.)


बार्शी
११ मार्च २०२५

त्रिपुरसुंदरीबाई,

लिहून द्या? काय लिहून देऊ, हमीपत्र? मी पोर देतेय की मिक्सर?

तुमचं पत्र वाचून दोन दिवस मला जेवण गेलं नाही. भाताकडे बघितलं की तुमचा तो रुमाल आठवायचा. कोड! माझ्या यामिनीला कोड! उचलली जीभ लावली टाळ्याला. एवढा संशय होता तर सरळ विचारायचं होतं तोंडावर. मी पायपुसणं झटकावं तसं झटकून दिलं असतं तुम्हाला आणि दोघी मोकळ्या झालो असतो. ते नाही, देवाचं नाव पुढं करून पोरीचं तोंड तीन तीनदा धुवायला लावायचं, आणि वर स्वतःच मोठं मन करायचं. तुमच्या मोठ्या मनाची मला किळस आली, कळलं?

आता नीट ऐका. कृष्णकांत, ठळक आवाजात वाचा.

आमच्या घराण्यात सात पिढ्यांत कोणाला कोड नाही. माझ्या वडिलांकडे नाही, आईकडे नाही. यामिनीच्या आईचं म्हणाल तर माझी मधुवंती अंगानं इतकी नितळ होती की तिच्या अंगावर साधा तीळ शोधून सापडला नसता. आख्ख्या बार्शीत कोणालाही विचारा. असल्या घरातल्या पोरीबद्दल ज्या वाणीअत्या चार दिवस माझ्या हातचं खाऊन असं लिहितात, त्यांचं ते पत्र मला बघायचंय. तमिळ अक्षरांत असलं तर असू दे, मी वाचून घेईन कोणाकडून तरी. पत्र पाठवा, नाहीतर खोटं बोललात असं लिहून द्या. आता तुम्हीच लिहून द्या.

यामिनी पुण्याहून दर रविवारी येते. अजून तिला यातलं काही सांगितलेलं नाही. पण तुमच्या श्रीवत्सनं तिला दोनदा फोन केला, आणि तिनं तो उचलला नाही, एवढं मला माहीत आहे. पोरीचं जुळत आलेलं तुम्ही स्वतःच्या हातानं मोडलंत.

शैला औसेकर


पेरंबूर, चेन्नई
२३ मार्च २०२५

शैलाबाईस,

हें घ्या अत्यांचें पत्र. कृष्णकांतांनी कोपऱ्यावरच्या दुकानांतून झेरॉक्स काढून आणिली ती सोबत आहे. मूळ माझ्यापाशीं ठेवितें, तुमच्या हातीं देऊन फाडून घेणार नाहीं. शेवटून दुसरी ओळ पाहा. मी खोटें बोलत नाहीं. आमच्या घरांत कोणी खोटें बोलत नाहीं. तुम्हीच पोरीचें वैगुण्य झांकून

(ताई, इथं अम्मांचं वाक्य अर्धं राहिलं. यापुढचं थोडं मी माझ्या शब्दांत लिहितो, कारण त्या खुर्चीवर बसून पदर तोंडात धरून आहेत.

'शेवटून दुसरी ओळ' म्हणाल्या म्हणून मी झेरॉक्सवर बोट ठेवून ती वाचायला गेलो. मी तमिळ शिकलो बसच्या पाट्या वाचून, एक-एक अक्षर लावत. अम्मांसारखं सरसर मला येत नाही, म्हणूनच बहुधा अडखळलो. ताई, तमिळ लिपीत क आणि ग यांना एकच अक्षर आहे. च आणि श यांनाही एकच. तमिळ माणूस संदर्भानं ओळखतो. पण अत्यांनी त्या अक्षरांत मराठी लिहिलंय. अम्मांनी वाचलं 'तोंडाशी कोड आहे'. मी वाचलं 'तोंडाची गोड आहे'.

तोंडाची गोड. बोलायला गोड! कागदावर दोन्ही अगदी एक, कानामात्रेचा फरक नाही. इतिहासात ध चा मा झाला, आमच्या पेरंबुरात ग चा क झाला.

अम्मा मानेनात. मग तंजावरला फोन लावला, स्पीकरवर टाकला. अत्या शहाण्णव वर्षांच्या, पण आवाज खणखणीत. म्हणाल्या, "गोड गे गोड! चार दिवस त्या पोरीनें मला गोष्टी सांगून हसविलें. कोड कोण मणालें? असलें असतें तर मी 'करून घे' मणून लिहिलें असतें काय, मुट्टाळ!" मुट्टाळ म्हणजे मूर्ख. अम्मांचं वय एकसष्ट. मी हसलो, अगदी डोळ्यांत पाणी येईतो हसलो. रात्री ताटावर बसलो तेव्हा ती रुमालाची गोष्ट आठवली आणि ताट सारून उठलो.

आता अम्मा बोलतायत.)

शैलाबाई, मी तुमच्या पायां पडतें. माझे डोळे फुटके, माझी बुद्धि फुटकी. त्या पोरीस मी किती छळलें, पावम, बिचारी! कैरी खाऊं घातली, काय तर तिखटानें डाग वर येतात मणून कोणी सांगितलेलें. आतां माझीच मला लाज वाटते. तो पेला मी आंत आणिला आहे, सर्वांत पुढें ठेविला आहे.

पण देवानें बरें केलें. कोड नाहीं, कधीं नव्हतें, तुमच्या सात पिढ्यांत नाहीं. मणजे आतां कांहींच अडचण नाहीं. तुम्ही जसें लिहिलें तसें नितळ घराणें मला मिळत आहे, आणखी काय पाहिजे? वैशाखांत दोन मुहूर्त आहेत. श्रीवत्सही हो मणतो. आमच्यापैकीं कोणीतरी साखरपुड्यास तिकडे येऊं, गुडघे गेले तरी मी येईन. मला क्षमा करा आणि पोरीस द्या.

तुमची
त्रिपुरसुंदरी


बार्शी
३१ मार्च २०२५

प्रिय त्रिपुरसुंदरीबाई,

बघा, आज 'प्रिय' लिहिलं.

तुमचं पत्र मिळालं तेव्हा मी पाडव्यासाठी पुरण वाटत होते. तशाच हातानं फोडलं आणि वाचून ओट्याला टेकून इतकी हसले की शेजारीण धावत आली. तोंडाची गोड! अत्यांना माझा साष्टांग नमस्कार सांगा. आणि कृष्णकांतांना म्हणावं, तुमच्या बसच्या पाट्यांनी माझ्या पोरीचा संसार वाचवला.

राग गेला असं म्हणत नाही. रुमाल अजून आठवतो. पण माझ्यातही एक खोड आहे, संतापले की लेखणीला लगाम राहत नाही, तुम्हाला पायपुसणं-बियपुसणं काय काय लिहिलं. सोडून द्या. मुलीच्या बाजूनं किती ताणायचं? झाली ती चूक अक्षरांची झाली, माणसांची नाही. शेवटी घर चांगलं, मुलगा चांगला, आणि कोणात काही वैगुण्य नाही.

वैशाखातला दुसरा मुहूर्त धरा. साखरपुडा इथंच करू. यामिनीशी अजून बोलले नाही, पण ती माझ्या शब्दाबाहेर नाही. काल सणाला आली होती, तशीच गप्प. म्हटलं, हिला हसवावी जरा. तुमची पत्रं दिली, आणि माझ्या पत्रांचं कच्चं लिखाण मी वहीत ठेवते, मास्तरकीची सवय, ती वहीही दिली. 'घे, पुण्याला जाताना गाडीत वाच, पोट धरून हसशील' म्हटलं. वाचून झालं की राग निवळेल, आणि श्रीवत्सचा फोनही उचलेल.

साडीचं बघा मात्र. या वेळी खांद्यावर टाकून.

तुमची
शैला


पुणे
८ एप्रिल २०२५

त्रिपुरसुंदरीकाकू,

नमस्कार. मी यामिनी. कृष्णकांतकाका, हे पत्र श्रीवत्स घरी असेल तेव्हा वाचा, ही विनंती. त्याला मराठी वाचता येत नाही, पण ऐकलेलं सगळं कळतं.

मावशीनं सांगितल्याप्रमाणे वही गाडीत वाचली. 'ऊर दाखवितें'पाशी खरंच हसले. पुढं मिक्सरपाशीही हसले. मग 'सात पिढ्यांत कोणाला कोड नाही' आलं, आणि मी वही मिटली. पुण्यापर्यंत पुन्हा उघडली नाही.

माझ्या आईला कोड होतं.

मी सहा वर्षांची असताना बोटांवर सुरू झालं. मग कोपरं. मग तोंडाशी, खालच्या ओठापासून हनुवटीपर्यंत. अत्यांनी जे लिहिलं नव्हतं ते तुम्ही वाचलंत, आणि ते अगदीच खोटं नव्हतं, फक्त एक पिढी चुकलात. 'आख्ख्या बार्शीत कोणालाही विचारा', असं मावशी लिहिते. खरंच विचारा. हळदीकुंकवाला बायका आईला कुंकू लावायचं म्हटलं की करंडा तिच्याकडे सरकवायच्या, तुझं तू लावून घे म्हणून. मावशीनं आम्हाला आधार दिला, तिच्या घरात ठेवलं, मला शिकवलं, हे सगळं खरं. त्या घरात आईचा पेला मोरीच्या कोपऱ्यात वेगळा असायचा, हेही खरं. आई त्यात पाणी पिऊन तो स्वतःच विसळून ठेवायची. हा रोग लागत नाही, हे डॉक्टरांनी मावशीला माझ्यासमोर तीनदा सांगितलं होतं.

म्हणून तुम्ही माझा पेला विटेवर ठेवलात तेव्हा, सकाळी साडेसातलाच, मला सगळं कळलं. देवळापाशी तीन वेळा तोंड धुतलं ते कशासाठी, हे माहीत असून धुतलं.

मग मी निघून का गेले नाही? श्रीवत्समुळे. आदल्या संध्याकाळी गच्चीवर आम्ही तासभर बोललो. तो मला आवडला, मावशीनं लिहिलंय ते खरं आहे. मला वाटलं, तो आता म्हणेल, 'अम्मा, पोदुम.' बस झालं. देवळात म्हणेल, दीपस्तंभावर म्हणेल, निदान त्या साडीच्या दुकानात तरी म्हणेल, त्या मुली हसत होत्या तेव्हा. तुम्ही दिवसभर माझं तोंड पाहत होता आणि मी त्याचं. चेन्नई मी काही पाहिलीच नाही.

स्टेशनवर तुम्ही रुमाल काढलात. संध्याकाळ झाली होती, डब्याच्या सावलीत अंधार होता. 'नीट दिसत नाहीं' म्हणालात. तेव्हा तो त्या दिवसात पहिल्यांदा बोलला. 'इरु अम्मा' म्हणाला, थांब. खिशातून फोन काढला, टॉर्च लावला आणि माझ्या ओठांवर धरला. मावशीला खिडकीतून हे दिसलं नाही, मीही तिला सांगितलं नाही. तुम्ही घासत होता आणि तो उजेड जरा डावीकडे, जरा खाली असा तुमच्या बोटाबरोबर सरकवत होता. हात अजिबात हलत नव्हता.

तुम्ही जुन्या काळातल्या, तुमच्या आईच्या अंगावर काटा यायचा म्हणून तुमच्या येतो. तुमचा राग आला, पण तुमची किळस आली नाही. त्याच्या हाताची आली. वही वाचल्यावर मावशीची आली, तिनं रागाच्या भरात माझ्या आईला पुसून टाकलं म्हणून. आणि सगळ्यात जास्त माझी आली. कारण तुम्ही रुमाल उजेडात बघून 'स्वच्छ!' म्हणालात ना, तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं होतं. परीक्षेत पास झाल्यासारखं. त्या रात्री बर्थवर झोपून मी माझ्या आईची माफी मागत होते.

तुम्ही लिहिलंत, कोड नाही म्हणजे आता काहीच अडचण नाही. वही देताना मावशी म्हणाली, चूक अक्षरांची झाली, माणसांची नाही. अक्षरं तर आता सुधारली. तुम्ही तशाच आहात, मावशी तशीच आहे, आणि श्रीवत्सनं आजवर केलेल्या चार फोनपैकी एकानंतरही टॉर्चबद्दल एक ओळ पाठवलेली नाही. लग्नाची तारीख काय आणि सुट्टी किती टाकू, एवढंच मेसेज करून विचारलंय.

हे लग्न होणार नाही. मावशीला मी येत्या रविवारी समोर बसून सांगेन. ती रडेल, ओरडेल, मग स्वयंपाकाला लागेल. तिच्याशी बोलायचं माझं वेगळं बरंच आहे.

वाणीअत्यांना माझा नमस्कार. त्यांनी लिहिलं ते चांगल्या मनानं लिहिलं. पण मी तोंडाची गोड नाही, हे आता त्यांनाही कळवा.

सोबत आईचा फोटो पाठवतेय. मावशीच्या घरात तिचा एकही लावलेला नाही, हा माझ्याजवळचा. अंगणात, भर दुपारच्या उन्हात काढलाय, ती तोंड उघडून हसतेय. श्रीवत्सला द्या बघायला. टॉर्च लागणार नाही.

यामिनी